तिसरं बटण

रंगनाथ, तू एवढा शहाणा होतास, तर शहाण्यासारखं मरायचं होतंस. म्हातारा होऊन, खाटेवर, सुनेनं आणलेल्या चहाला नावं ठेवत. सूर्यफुलाच्या गुदामात, पोत्यांच्या थप्पीमागं, धुरात गुदमरून कोण मरतं? आणि तेही मशीनमध्ये एक बटण कमी होतं म्हणून! लोक विचारतात, मुंजाजी, तुमचे साडू कशानं गेले हो? मी म्हणतो, आगीनं. बटणाचं कुणाकुणाला समजावत बसू?

दिवाळी झाली. म्हणजे आली आणि गेली. तुझ्या दारात कमलनं पणती लावली न्हाई, म्हणून आमच्या दारात शकूनं लावली न्हाई. दोघी बहिणी एका घोंगडीवर बसून होत्या आणि मी आपला अंगणात येरझारा घालत होतो. दर पाडव्याला तू यायचास, चपला काढायच्या आधी भांडण काढायचास. "काय नेते, यंदा कुणाच्या पोटावर पाय देऊ?" असं म्हणून ताटातली करंजी माझ्या हातातून हिसकून घ्यायचास. यंदा करंज्या झाल्याच न्हाईत, आणि झाल्या असत्या तरी कुणी हिसकल्या नसत्या.

आपण आधी मानवतच्या शाळेत एका बाकावर बसलो आणि मग एकाच मांडवात बोहल्यावर उभे राहिलो. मामांना, म्हणजे आपल्या सासऱ्यांना, दोन मांडव परवडत नव्हते म्हणून दोघी लेकी एकाच दिवशी उजवल्या. तेव्हापासून तू माझा साडू. लग्नानंतर आपल्याला पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला नेलं, आठवतं? सगळे हात जोडून उभे, आणि तू खांबाला टेकून नारळांकडं बघायलास. कोण फोडतो, अर्धी वाटी कुणाकडं जाते, पाणी कशात पडतं, करवंट्या कोण उचलतं. सासूबाई म्हणाल्या, "अहो जावई, देव तिकडं हाय." तू म्हणालास, "देव दिसला मामी, आता त्याचं काम कसं चालतं ते बघायलोय." मी तोंडावर उपरणं धरून हसलो. कमल मात्र लाजून लाल झाली होती. तिला तेव्हाच कळलं असणार की कसल्या येड्याशी गाठ पडली.

ते येड तुझ्या अंगात मुरलेलं होतं. कंपनीनं तुला हिशेबखात्यात घेतलं तेव्हा कुणालाच ते ठाऊक नव्हतं. मी त्याच तेल मिलच्या काट्यावर, पोती तोलायला. हमालांची युनियनपण माझ्याच गळ्यात. कंपनी मोठी, चार जिल्ह्यांत मिली, कचेरी मुंबईला. आपल्याला काय, आपल्याला मानवतबाहेरच्या रस्त्यावरचं फाटक, आत काटा, मग गुदाम, मग घाणा. सूर्यफूल आत यायचं आणि तेल बाहेर जायचं. मग एक दिवस फर्मान निघालं की सगळ्या मिलींत कॉम्प्युटर बसणार, गाडी फाटकात शिरल्यापासून तेल टँकरमध्ये पडेपर्यंतचं सगळं काम त्याच्यातून चालणार. तुला पुण्याला शिकायला पाठवलं. मी फाटकावर सभा घेतली, मुर्दाबाद केलं, आणि संध्याकाळी तुलाच बसस्टँडवर सोडायला आलो. तू खिडकीतून म्हणालास, "मुर्दाबाद जरा हळू म्हणत जा, तुझा घसा बसलाय."

पुण्याहून येताना तू मशीन आणशील असं वाटलं होतं. तू आणलंस एक सांगणं. मशीन आणायच्या आधी कामाच्या मागं चालत जा. कागदावर काम कसं लिहिलंय ते बघू नका, चालतं कसं ते बघा. हे तू मॅनेजरला सांगितलंस, मला सांगितलंस, पानपट्टीवाल्याला सांगितलंस. आणि मग खरंच एका गाडीच्या मागं चालायला लागलास. फाटकापासून निघालास, बैलांच्या शेणात पाय देत, पँट वर खोचून. हमाल टाळ्या पिटायला लागले. मी काट्यावरून ओरडलो, "साडू, शेपूट धर, हरवशील!"

ती गाडी काट्यावर आलीच न्हाई. डावीकडं वळली. तू बावचळून माझ्याकडं बघितलंस. "मुंजा, ही कुठं चालली?" मी म्हणालो, "खळ्यावर. ओलं हाय." तुला हिशेबखात्यात इतकी वर्षं झाली होती आणि खळं ठाऊक नव्हतं. तुझा काय दोष, ते कुठल्या कागदावर नव्हतंच. गुदामाच्या डाव्या अंगाला फरशी घातलेली मोकळी जागा, दिवसभर ऊन. ओलं सूर्यफूल तिथं पसरायचं, सोजरबाई दाताळ्यानं उलथत राहायची, वाळलं की तोलायचं. कारण आपल्याकडची रीत. मिलच्या आवारात एकदा बैल सुटले की माल परत पाठवायचा न्हाई. माणूस दारात आला, त्यानं बैल सोडले, पाणी पाजलं, आणि मग त्याला म्हणायचं का, जुंप आणि जा? असं कुणी केलं असतं तर त्याच्या घरात कुणी पोरगी दिली नसती. मग ओल्या मालाचं करायचं काय? खळं.

तू त्या दिवशी सोजरबाईजवळ उकिडवा बसलास. ती म्हणाली, "काय बघायलास रं मुडद्या, ऊन आडवायलास." तू हसून सरकलास. संध्याकाळी माझ्या घरी आलास तेव्हा तुझं तोंड फुललेलं होतं. "मुंजा, सापडलं. पुण्याच्या मास्तरनं सांगितलं होतं की कामात एक जागा अशी असते जी कुणी लिहीत न्हाई, आणि काम तिच्यावरच उभं असतं." मी म्हणालो, "मग? तेवढ्यासाठी सरकारी पगारवाल्या मास्तराकडं गेलास व्हय?" शकूनं तुला दोनदा भात वाढला आणि तू बोलण्याच्या नादात मीठ न लावता खाल्लास.

मग मुंबईचे साहेब आले. मला युनियनचा म्हणून बसवलं होतं, कोपऱ्यातल्या खुर्चीवर. तू उभा राहून तुझा सल्ला दिलास. तो मला आजही पाठ आहे, कारण मी त्याच्याविरुद्ध बोलायला कान टवकारून बसलो होतो. म्हणालास, एका मिलमध्ये बसवा, एक हंगाम चालवा, चुका तिथं होऊ द्या, मग दुसरीकडं न्या. म्हणालास, ज्यांना ते वापरायचं त्यांना आधी विचारा, शिकवायला मागून येऊ नका. आणि म्हणालास, चुकीचं काम मशीनमध्ये घातलं तर मशीन ते सुधारत न्हाई, तीच चूक लवकर करतं. साहेब माना डोलवत होते. मग तू तिसऱ्या बटणावर आलास.

मशीनवर गाडीच्या नावापुढं दोनच बटणं होती. एक दाबलं की माल घेतला. दोन दाबलं की माल परत.

"तीन पाहिजे," तू म्हणालास.

साहेब म्हणाले, "व्यवहार दोनच असतात, रंगनाथ. माल घेतला किंवा नाही घेतला. तिसरं काय?"

"तिसरं थांबणं असतं साहेब."

"थांबणं हा व्यवहार नव्हे."

"आमच्याकडं तोच मोठा व्यवहार आहे."

साहेब हसले. वाईट माणूस नव्हता, तुला चहा स्वतः ओतून दिला. म्हणाला, पुढच्या वर्षी बघू, आत्ता चेअरमनसाहेबांना दसऱ्याच्या मुहूर्तावर सगळ्या मिली एकदम सुरू करायच्यात. मी उठून विचारलं, माझे हमाल किती कमी होणार ते आधी सांगा. तू माझ्याकडं वळलास, सगळ्यांसमोर. "एकही न्हाई. उलट खळ्यावर एक माणूस वाढवावा लागंल." माझा विश्वास बसला न्हाई. बाहेर आल्यावर मी तुला म्हणालो, तू कंपनीचा माणूस हायस, गोड बोलायलास. तू नुसता बघत राहिलास. तुझी ती नजर आठवली की मला अन्न गोड लागत न्हाई.

त्याच महिन्यात आपण देवगाव फाट्यावर अडकलो होतो. तुला सेलूच्या खरेदी केंद्रात काम होतं आणि मला तिथल्या हमालांना भेटायचं होतं. येताना बंद लागला. विद्यापीठाच्या नामांतरावरून चाललेलं ते सगळं, एसटी जागेवर उभ्या, फाट्यावरच्या हॉटेलात माणसांची गर्दी आणि प्रत्येकाचा आवाज वर. आपल्या शेजारी एक म्हातारे मास्तर बसले होते, ते कुणाला तरी म्हणाले, "विधानसभेनं हो म्हणून किती वर्षं झाली, बाबा. माणसं मेली, घरं जळाली, आणि विचारलं की अजून विचार चालू आहे म्हणतात." ते ऐकून मला तुला टोचायची संधी मिळाली. मी म्हणालो, "बघ साडू, तुझं तिसरं बटण. हो पण न्हाई आणि न्हाई पण न्हाई. सरकारनं कधीचंच बसवलंय ते. त्याच्यातच लोक मरायलेत."

मला वाटलं तू हसशील. तू हातातलं भजं ताटलीत ठेवलंस. भजी थंड झाली. मग म्हणालास, "मुंजा, तू मोठं बोललास. थांब म्हणायचं आणि तिथं कुणीच उभं करायचं न्हाई, हे टाळणं झालं. टाळण्यापेक्षा न्हाई म्हटलेलं बरं. खळं म्हणजे जागा न्हाई, खळं म्हणजे सोजरबाई. उलथणारं माणूस पाहिजे. ते नसलं तर माल आतून सडतो." मी म्हणालो, "मग घाल की सोजरबाईला मशीनमध्ये." तू म्हणालास, "तेच तर करायलोय." मी तुला येड्यात काढलं. तू माझ्या ताटलीतलं शेवटचं भजं उचललंस. ते भांडण तिथंच राहिलं, कारण तेवढ्यात कुणीतरी ओरडलं की मानवतची गाडी सोडली. पुढं बसमध्ये तू माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलास.

मी तुला तेव्हा सांगायला पाहिजे होतं का, की त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला? साडूला कोण असं सांगतं? साडूला शिव्या द्यायच्या असतात. मी दिल्या.

मग मशीन आलं. त्याला थंड खोली पाहिजे होती. खोली बांधायला मोकळी जागा कुठली, तर खळं. तू मॅनेजरपुढं हात जोडलेस, दुसरी जागा दाखवलीस, मुंबईला फोन लावून बोललास. ते म्हणाले, वायर लांब पडते. फरशी उखडली, भिंती उठल्या, खिडकीत गारव्याचं यंत्र बसलं. जिथं सगळ्या मिलमध्ये जास्त ऊन, तिथं तुझ्या मशीनला थंडी वाजायला लागली. सोजरबाईचं दाताळं कुणीतरी गुदामामागं टाकून दिलं आणि तिला झाडायला लावलं. ती त्या खोलीपुढनं जाताना रोज थुंकायची. तिला वाटायचं, हे तूच केलंस. तू तिला एकदाही सांगितलं न्हाईस की तू विरोध केला होतास. मी विचारलं का, तर म्हणालास, "सांगून तिला ऊन परत मिळणार हाय का?"

दसऱ्याला चेअरमनसाहेबांनी नारळ फोडला. तू नेहमीसारखा करवंटी कोण उचलतं ते बघत होतास, पण हसत नव्हतास.

त्यानंतर तुझे जे दिवस गेले ते मी डोळ्यांनी बघितले. मशीनमध्ये तीन नव्हतं, म्हणून तूच तीन झालास. मशीनवर बसणारा नामदेव, तुझ्याच हाताखाली शिकलेला, दोन लेकरांचा बाप, त्याला तू सांगून ठेवलंस की ओली गाडी आली की काही दाबू नको, मला हाक मार. हाक आली की तू पळायचास. कुणाला फाटकाबाहेरच्या लिंबाखाली पोती उघडायला लावायचास, कुणाचा माल रस्त्याच्या कडेला पसरायचास, शेतकऱ्याच्या हातापाया पडायचास की दादा, उद्यापर्यंत दम काढा. स्वतः उलथत बसायचास. हिशेबखात्यातला माणूस, तळहाताला फोड आले. कमल म्हणायची, "भाऊजी, यांना जरा समजावा, झोपेत पण उठून बघायलेत पाऊस आला का." मी तुला म्हणालो, "अरे, सोड ना! बिघडू दे एकदा, कळंल त्यांना!" तू म्हणालास, "बिघडलं तर त्यांचं काय बिघडतंय?"

एवढं बेजार मी माझ्या बापालासुद्धा बघितलं न्हाई, आणि त्यानं आयुष्यभर दुसऱ्याची मेंढरं राखली.

आणि मग मुंबईच्या साहेबांनी सगळ्या मिलींच्या माणसांना परभणीला बैठकीला बोलावलं. मशीन किती छान चाललंय ते ऐकायला. तू जायला तयार नव्हतास, मॅनेजरनं घालवलं. नेमका त्याच दिवशी परतीचा पाऊस झोडपायला लागला. फाटकात गाड्यांची रांग, पोती चिंब, माणसं चिंब. नामदेवनं तुला हाक मारायची कुठं? बैल सुटलेले. पाणी पिऊन आवारात उभे. माणसं पोत्याची कुंची डोक्यावर घेऊन काट्याकडं बघायलेली. मशीन विचारत होतं, एक का दोन.

नामदेवनं एक दाबलं. सगळ्या गाड्यांना एकच. मी तोललं, माझ्या हमालांनी थप्पी लावली. दोन कोण दाबणार होतं? कोण म्हणणार होतं, चिखलातनं आलात तसे जा? मुंबईच्या खोलीत बसून दोन दाबता येतं. आमच्यानं झालं न्हाई. आता साहेब लोक म्हणतात, अडाणी लोकांनी नियम पाळला न्हाई. अडाणी! आम्ही नियम पाळला, रंगा. आमचा पाळला.

तू आलास तोवर थप्पी छताला लागली होती. पोत्यात कोपरापर्यंत हात घातलास आणि तसाच उभा राहिलास. मग मॅनेजरकडं गेलास, की ओलं बी दाबून ठेवलं की आतून तापून आपोआप पेटतं, सगळी थप्पी उतरवून बाहेर काढायची. तो म्हणाला, मशीनमध्ये माल घेतला म्हणून आलाय, सुका म्हणून आलाय, बाहेर काढायला मुंबईची परवानगी लागेल. परवानगी मागितली. बैठकीतला माणूस बैठकीवरून बैठकीला गेलेला होता, परवानगी काही आली न्हाई, आणि थप्पी आतून तापत राहिली.

त्या दुपारी मी काट्यावर होतो. आधी वास आला, खवट, जळक्या तेलाचा. तू माझ्याआधी पळत गुदामापाशी पोचला होतास. परवानगी बिरवानगी काही न्हाई, तू माझ्या माणसांना ओरडून सांगितलंस, पोती राहू द्या, आधी तुमी बाहेर या. सगळे आले. मी मोजायला लागलो तेवढ्यात तू आत शिरलास. मागचा दरवाजा उघडायला, हवा निघायला. मी ओरडलो, "रंगा, मागं फिर! मागं फिर रे!" तू हात वर केलास. आपण शाळेत असताना मास्तर बोलवायचे आणि तू आलो आलो म्हणून हात करायचास, तसा. मागचा दरवाजा उघडला. सगळ्यांनी बघितलं, धूर मागून निघायला लागला. तू निघाला न्हाईस.

मी तोंडाला ओलं फडकं बांधून तुला ओढत बाहेर आणलं. अंगावर एक चट्टा नव्हता. झोपल्यासारखा होतास, देवगाव फाट्यावरून येताना झोपला होतास तसा. मी तुझ्या थोबाडीत मारली. ऊठ म्हणालो, नाटकं करू नको म्हणालो. सोजरबाईनं माझा हात धरला.

कंपनीनं शोकसभा घेतली. हार, उदबत्ती, तुझा जुना फोटो. मुंबईहून आलेल्यानं वाचून दाखवलं की रंगनाथरावांच्या जाण्यानं भरून न येणारी हानी झाली. आणि त्याच माणसानं शेजारच्या खोलीत जाऊन मॅनेजरला सांगितलं की चौकशीत मशीनमध्ये दोष निघाला न्हाई, मशीन बरोबर चाललं, वापरणाऱ्यांकडून चूक झाली, आणि इथल्या वापराची जबाबदारी रंगनाथची होती. दार उघडंच होतं. मी उठलो. मी काय बोललो ते इथं लिहीत न्हाई, कमल कधी वाचेल. नामदेव कोपऱ्यात तोंड झाकून रडत होता. मला म्हणाला, "दादा, मी दोन कसं दाबू? बैल सुटले होते." मी त्याला पोटाशी धरलं. दुसरं करण्यासारखं काय होतं?

पण हे ऐक. हे ऐकायला तू पाहिजे होतास. तुझं तिसरं बटण आलं.

दिवाळी सरल्यावर मुंबईहून एक माणूस आला, थंड खोलीत बसला, चहा मागवला, आणि चहा निवायच्या आत त्यानं ते केलं. एवढंच काम होतं! दिवसरात्र ज्याच्यासाठी तू पायांचे तुकडे केलेस, ते एवढंच काम होतं. आता गाडीच्या नावापुढं तीन दाबलं की थांब. नामदेवनं मला बोलवून दाखवलं आणि तो पडद्याकडं बघून रडला. मी त्या माणसाला विचारलं, "साहेब, थांबलेला माल ठेवायचा कुठं? त्याच्याकडं बघायचं कुणी?" तो म्हणाला, "ते तुमच्या पातळीवर ठरवा." मॅनेजरनं ठरवलं. थांबलेली पोती गुदामाच्या आतल्या कोपऱ्यात. खळं न्हाई, ऊन न्हाई. सोजरबाईला तर दिवाळीआधीच घरी बसवलंय. तू त्या दिवशी भजी थंड करून जे सांगितलंस, माणूस उभं न करता थांब म्हणणं म्हणजे टाळणं, त्यापेक्षा न्हाई म्हटलेलं बरं, त्यांनी नेमकं ते टाळणंच केलं. आता चारही जिल्ह्यांत हे बटण बसणार आहे म्हणे. तुझं नाव कुठंच न्हाई, हे बरंच झालं.

मग मी काय करायचं? तू सांग. मी माझ्या माणसांना पुन्हा त्या कोपऱ्यात थप्पी लावायला पाठवू? मी मॅनेजरला सांगून काटा सोडला. आता फाटकावर उभा असतो. गाडी आत शिरायच्या आधी पोत्यात हात घालतो. कोरडं असलं तर म्हणतो, सोडा बैल. ओलं असलं तर म्हणतो, सोडू नका. दिवसभर तेवढंच बोलतो. तू म्हणायचास आपण मशीनला माणसासारखं करू, मी म्हणायचो मशीन माणसाला त्याच्यासारखं करंल. आपलं भांडण मिटलं, साडू. मी जिंकलो.

काल अवकाळी शिंतोडे आले. दुपारी एक गाडी आली, पुढं कोण बसलंय ते मी लांबूनच ओळखलं. आपले मामा. सासरे. राहिलेलं सूर्यफूल घेऊन. एका लेकीचं कुंकू गेलेला माणूस, तरी रान काही थांबत न्हाई. फाटकाशी आले, कासरा ओढला, आणि नेहमीच्या सवयीनं म्हणाले, "जावई, सोडू का बैल?"

मी पोत्यात हात घातला. कोपरापर्यंत. बराच वेळ हात आतच ठेवला, रंगा. मला वाटलं, वर कोरडं लागेल, मधे कोरडं लागेल, कुठंतरी कोरडं लागेल.

"मामा," मी म्हणालो, "सोडू नका."

ते माझ्याकडं बघत राहिले. रागानं न्हाई. मग आत खळ्याच्या जागी उभ्या असलेल्या खोलीकडं बघितलं आणि मान हलवली. "बरं हाय," म्हणाले. मी धावत जाऊन तांब्या आणला. पाणी तरी घ्या म्हणालो. बैलांच्या तोंडाला फेस आला होता, ते फाटकाजवळच्या बादलीकडं वळायलेले.

"बैल सोडल्याबिगर मी पाणी कसं घेऊ, बापा," मामा म्हणाले, आणि गाडी वळवली.

मी तांब्या घेऊन रस्त्यावर उभा होतो. तू असतास तर पळत आला असतास, कासरा धरला असतास, लिंबाखाली पोती उघडली असतीस, आणि मला सगळ्यांसमोर शिव्या दिल्या असत्यास की नेत्या, सासऱ्याला दारातून परत पाठवतोस, लाज वाटत न्हाई का. ये ना. दे ना शिव्या. गाडी अजून फार लांब गेली न्हाई.